खारेपाटण : एका पाटणाची शिरगणती

तीन वर्षांपूर्वी कन्येकडे अमेरिकेत गेलो असता कॅलिफोर्नियातील एका आडरस्त्यावर जावईबापूंनी गाडी थांबवली. गावाच्या वेशीवर हिरवी पाटी होती. तिच्यावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या : गावाचे नाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि लोकसंख्या. लोकसंख्येचा आकडा तीन अंकी होता. गावात एक चर्च, एक टपालघर आणि बंद पडलेले एक दुकान. आपण इतके थोडे उरलो आहोत, हे त्या गावाने येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडपणे सांगावे, याचे मला नवल वाटले. आपल्याकडे वेशीवरच्या पाटीवर गावाचे नाव असते, पुढच्या गावाचे अंतर असते. माणसे किती, हे कोणी लिहीत नाही.

त्या पाटीने एक प्रश्न माझ्याबरोबर मुलुंडला धाडला. आयुष्याची छत्तीस वर्षे मी बँकेत आकड्यांच्या संगतीत घालवली. परंतु माझ्या आजोबांच्या गावी किती माणसे राहतात, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. ते गाव खारेपाटण. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्याचे उत्तरेकडचे टोक. नदी ओलांडली की रत्नागिरी जिल्ह्याचा राजापूर तालुका लागतो. वडील १९५० च्या सुमारास तेथून मुंबईस आले. माझा जन्म मुलुंडच्या चाळीतला. गावचे घर मात्र बाजारपेठेत अजून उभे आहे, आणि यंदाच्या फेब्रुवारीत मी गेलो तो त्या घराच्याच कामासाठी. नमुना आठच्या उताऱ्यावर आम्हा पाच चुलत भावंडांची नावे आहेत. चौघे मुंबई-ठाण्यात आणि पाचवे, सर्वांत थोरले नाना, वहिनींसह गावी. चौघांचे एकमत झाले होते की घर विकून टाकावे. सर्वांच्या वतीने नानांची संमती आणण्याचे काम, मी बँकेतला म्हणून, माझ्याकडे आले.

दादरहून मध्यरात्री सुटणारी तुतारी एक्स्प्रेस ठाण्याला पकडली, सकाळी वैभववाडी रोडला उतरलो आणि तळेरेमार्गे खारेपाटणला पोहोचलो. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यास हे गाव म्हणजे एक पूल आणि एक थांबा, इतकेच जाणवते. खरे गाव खाली नदीकाठी आहे. चारही बाजूंनी डोंगर, मध्ये शुक नदीचे वळण आणि तिच्या काठाने पसरलेली जुनी पेठ. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी पेठेत शिरते. आमच्या घराच्या भिंतीवर निरनिराळ्या पुरांच्या खुणा एकीवर एक चढलेल्या आहेत. काजूला मोहोर आला होता, नदी आटली होती आणि भरतीचे पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला चिखल उन्हात चकाकत होता. या चिखलातून एके काळी समुद्रगामी जहाजे येत असत, यावर विश्वास बसणे कठीण.

परंतु नावच साक्ष देते. पाटण म्हणजे पट्टण, बंदराचे नगर. आणि खारे, कारण समुद्राची भरती येथवर पोहोचते. विजयदुर्गाच्या मुखाशी समुद्राला मिळणारी ही खाडी सुमारे पंचवीस मैल आत, थेट या गावापर्यंत आलेली आहे. वादळापासून आणि चाच्यांपासून सुरक्षित, आणि घाटावरून उतरणाऱ्या मालाला जवळ, असे हे ठिकाण होते. कोकणात प्राचीन बंदरे बहुधा अशीच खाडीच्या पोटात वसत असत.

या गावाचा लेखी इतिहास ताम्रपटांनी सुरू होतो. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील एक ताम्रपट येथे सापडला. तो दक्षिण कोकणच्या शिलाहार वंशातील रट्टराजाचा आहे. हा रट्टराज चालुक्यांचा मांडलिक होता. त्या ताम्रपटाचे पहिले वाचन प्रसिद्ध केले ते बाळशास्त्री जांभेकरांनी. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणारे मराठी पत्रकारितेचे जनक तेच हे. त्यांचे जन्मगाव पोंभुर्ले याच परिसरात, देवगड तालुक्यात आहे. आपल्या मुलखातील आठशे वर्षांपूर्वीची अक्षरे लावताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करूनच मन भरून येते.

ताम्रपट एका शिवमंदिराला दिलेल्या दानाचा आहे. त्यात राजाच्या पूर्वजांची वंशावळ आहे, दान दिलेल्या गावांची नावे आहेत. माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याचे लक्ष मात्र पुढच्या मजकुरावर खिळले. मंदिराच्या खर्चाची तरतूद राजाने जकातीतून केली आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचा गद्याण. कंदलमूलीय येथून येणाऱ्या जहाजामागे एक धरण. चेमूल्य आणि चंद्रपूर, म्हणजे आपले चौल आणि गोव्यातील चांदोर, यांना यातून वगळले आहे. उत्पन्नाचे साधन ठरले, दर ठरला, सूटही ठरली. आजचा कोणताही कर्जमंजुरीचा कागद यापेक्षा अधिक स्पष्ट नसतो. त्याच लेखात मंदिराच्या सेवेसाठी तेली, माळी, कुंभार आणि परीट यांची कुटुंबे नेमून दिल्याची नोंद आहे. खारेपाटणच्या परिसरातील साध्या कष्टकरी माणसांची ही पहिली लेखी गणना म्हणावी लागेल. डोकी मोजलेली नाहीत. घर आणि घराने पत्करलेले काम, एवढेच लिहिले आहे.

दुसरा ताम्रपट शके १०१६ चा, इ. स. १०९५ च्या सुमाराचा. तोवर येथे ठाण्याच्या शिलाहारांची सत्ता आली होती. राजा अनंतदेवाने भाभण श्रेष्ठी आणि त्याचा बंधू यांच्या जहाजांना जकात माफ केली, आणि ही माफी कोणत्या बंदरांत चालेल त्यांची नावे दिली आहेत : स्थानक, शूर्पारक, चेमूल्य वगैरे. स्थानक म्हणजे आपले ठाणे, शूर्पारक म्हणजे नालासोपाऱ्याजवळचे सोपारे. हा लेख पुढे काशीनाथ त्र्यंबक तेलंगांनी संपादित केला. श्रेष्ठी या शब्दाचेच पुढे शेठ झाले, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

हे वाचले तेव्हा मला हसू आले. मुलुंडचा चेकनाका आणि टोलनाका यांच्या रांगेत ज्याने आयुष्याचे कित्येक तास घालवले, त्याला ठाण्याच्या हद्दीवरील जकातमाफीचे मोल निराळे सांगावे लागत नाही. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करामुळे गेली. लहान वाहनांचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून बंद झाला. त्याच वेशीवर खारेपाटणला मिळालेल्या लेखातील शेठांची जहाजे नऊशे वर्षांपूर्वी जकात न भरता आत शिरत होती. आमच्या वडिलांनी गाव सोडून ठाण्याच्या शेजारी बिऱ्हाड केले, तेव्हा त्यांनी नवी वाट काढली असे आम्ही समजत होतो. वाट जुनीच होती, जहाजाच्या जागी एस. टी. आली होती इतकेच.

मग असे पाटण ओस का पडू लागले? शत्रूने जाळून नव्हे, तर हळूहळू साचत गेलेल्या गाळाने. डोंगरउतारावरची माती प्रत्येक पावसाळ्यात नदीत येत राहिली, खाडी उथळ होत गेली. जहाजे मोठी होत गेली तसे त्यांना खोल पाणी हवे झाले. ती मुखाशी, विजयदुर्गाच्या आश्रयाला थांबू लागली, आणि माल उतरण्याची जागा खाली वाघोटणकडे सरकली. १७५६ मध्ये विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, या घटना इतिहासात मोठ्या अक्षरांत आहेत. खारेपाटणचे बंदर कोणत्या वर्षी संपले, याची मात्र तारीख कोठेही नाही. संपणाऱ्या गोष्टी बहुधा अशाच, तारखेवाचून संपतात.

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये खारेपाटणची लोकसंख्या सुमारे २,९०० दिली आहे आणि गावाच्या मध्यभागी असलेल्या जैन मंदिराचा आवर्जून उल्लेख केला आहे. काळ्या पाषाणाची लहान मूर्ती असलेले हे मंदिर दक्षिण कोकणातील एकमेव जैन मंदिर असल्याचे सांगतात, असे तेथे नमूद आहे. गावावरच्या लहानशा टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, पेठेच्या आजूबाजूस मशिदी आणि जुनी थडगी आहेत. बंदर संपले तरी बंदराने जमविलेले निरनिराळे लोक येथे एकमेकांच्या शेजारी राहिले. नानांच्या घरच्या तुळईला आधार देणारा सुतार मुसलमान होता, आणि पुराच्या रात्री आमच्या आजीला खांद्यावरून बाहेर काढणारा शेजारी भंडारी होता, या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

आता आजच्या आकड्यांकडे वळतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ भरली. म्हणजे दहा वर्षांत १९,१७४ माणसे कमी. शेजारच्या रत्नागिरीत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, म्हणजे ८१,७०८ ची घट. याच दहा वर्षांत त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात २९ लाखांहून अधिक भर पडली. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. सबंध महाराष्ट्राचे प्रमाण ९२९. कोकणात मुलींचा जन्म अधिक होतो असे नव्हे. पुरुष मुंबईला आहेत, स्त्रिया मागे राहून घर, गुरे आणि सासू-सासरे सांभाळत आहेत, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. गिरण्या होत्या तेव्हा ही माणसे परळ-लालबागच्या खोल्यांत होती. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या. तरी माणसे परत फिरली नाहीत. ती डोंबिवली, दिवा, विरार अशी आणखी पुढे सरकली.

आपल्या समाजाचेही याहून निराळे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात ४४,५१,७५३ जैन आणि त्यांपैकी १४,००,३४९ एकट्या महाराष्ट्रात. संख्या लहान वाटत नाही. पण ती कोठे आहे? मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत मंदिरांत पूजेसाठी रांग लागते. आणि ज्या गावांनी ही मंदिरे उभारण्याइतकी ऐपत आपल्या पूर्वजांना दिली, तेथे पूजेच्या पाळीला माणूस शोधावा लागतो. मुलुंडही एक लहान गावच होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी याच वाटेने गेली, १९२२ च्या सुमारास झवेरभाई रामजी शेठ यांनी क्राऊन आणि कार्टर या वास्तुविशारदांकडून आखीव रस्त्यांची वसाहत रेखाटून घेतली, आणि ते वाढतच गेले. एका गावाची वाढ ही कोणा दुसऱ्या गावाची घट असते. माझ्या खातेवहीच्या धंद्यात जमेला नावे असतेच. फक्त ते दुसऱ्या पानावर असते.

नाना पहाटे उठून स्नान करून मंदिरात जातात, त्यांच्याबरोबर मीही गेलो. अभिषेकाची पाळी त्यांची होती. गाभाऱ्यात आम्ही दोघेच. नानांचे वय अठ्ठ्याहत्तर. कळशी उचलताना त्यांचा हात कापत होता, पण मी पुढे झालो तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले. परत येताना पेठेतून चाललो. ते एकेका घराकडे बोट दाखवून सांगत होते : हे ठाण्याला, हे पुण्याला, यांचा मुलगा दुबईला, हे गेले, यांना कोणी नाही. कुलूप लावलेल्या दारांची ती यादी ते आपल्याच नातलगांची नावे सांगावीत तशी म्हणत होते.

दुपारी जेवणानंतर मी पिशवीतून कागद काढले. विक्रीचा करारनामा, चौघांच्या संमती, मुल्यांकन, सगळे क्रमाने लावलेले. नानांनी चष्मा लावून ते वाचले. बँकेत कर्जदाराने कागद वाचावा अशी आमची अपेक्षा नसे. ते वाचत होते तेवढा वेळ मला अवघडल्यासारखे झाले.

“किंमत बरी आली आहे,” ते म्हणाले.

“हो. आणि तुम्हा दोघांना ठाण्याला माझ्या जवळ जागा बघता येईल, नाना. दवाखाना जवळ, मंदिर जवळ.”

“तिकडे मंदिराला माझी गरज नाही रे,” ते शांतपणे म्हणाले. मग थोड्या वेळाने : “शिरगणती येणार म्हणतात पुन्हा?”

मी सांगितले की २०२१ ची जनगणना महामारीमुळे राहिली होती, ती आता होणार असून १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिन आहे.

“म्हणजे शिमग्याच्या आधी. तेव्हा या घरात दोन माणसे मोजतील. गणपतीत का नाही मोजत? तेव्हा या ओटीवर पाय ठेवायला जागा नसते.”

वहिनी आतून म्हणाल्या, “भावोजी, पर्युषणातही या कधी. त्याच दिवसांत तर गाव भरलेले असते.”

मी काही बोललो नाही. खरे पाहता पर्युषणात मी गावी गेल्याला बावीस वर्षे झाली होती, आणि हा आकडा मला कोणी न विचारता आठवला.

त्या रात्री पुराच्या खुणा असलेल्या भिंतीखाली झोप लागली नाही. शिरगणतीचा नियम योग्य आहे. माणूस जेथे राहतो तेथेच मोजला पाहिजे, नाहीतर शाळा, पाणी, दवाखाना यांचा हिशेब चुकेल. मी मुलुंडचाच आहे आणि मुलुंडलाच मोजला जाईन. परंतु रट्टराजाच्या ताम्रपटातील मोजणी निराळी होती. तेथे कोण किती हे न लिहिता कोणी काय देणे लागते, ते लिहिले होते. दूर देशीहून येणाऱ्या जहाजानेही या बंदराला एक गद्याण देणे लागत होते. आम्ही चौघे येथूनच गेलो, वाढलो, सुस्थितीत आलो. आणि या पाटणाला आम्ही काय देणे लागतो, याची एक ओळही आमच्या कोणाच्या कागदांत नव्हती. माझ्या पिशवीत होते ते केवळ येणे.

गाव सोडणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. वडिलांनी गाव सोडले नसते तर मी एम. कॉम. झालो नसतो, आणि माझी मुलगी त्या अमेरिकेतल्या पाटीपर्यंत पोहोचली नसती. भावनेच्या भरात घर राखावे, असेही मी म्हणणार नाही. पुराचे घर सांभाळणे खर्चाचे असते, आणि आज ना उद्या ते जाईल. परंतु ज्याचा श्वास त्या घरात चालू आहे, त्याच्या पायाखालून ते काढून घेण्याचा हिशेब मला बरोबर वाटेना.

सकाळी मी मुलुंडला आणि ठाण्याला दूरध्वनी केले. एका भावाने ताबडतोब होकार दिला, दुसरा रागावला, धाकट्या बहिणीने विचार करून सांगते म्हटले. मी माझ्यापुरते ठरवले. माझ्या हिश्श्याचे हक्कसोडपत्र नानांच्या नावे करायचे, त्यासाठी कणकवलीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन यायचे. नाना आधी नको म्हणाले, मग म्हणाले, “सही करशील ती कर, पण तू स्वतः ये.” बाकीच्या तिघांचा निर्णय त्यांचा आहे, आणि तो अजून व्हायचा आहे.

निघताना पुलावर थांबून मी मागे पाहिले. भरती सुरू झाली होती. चिखलावर पाण्याची पातळ चादर पसरत होती आणि एक लहान होडी काठाकडून आत ओढली जात होती. गावाच्या तोंडाशी पाटी आहे. तिच्यावर ‘खारेपाटण’ एवढेच लिहिले आहे.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांचे असे एखादे खारेपाटण असेल. कोणाचे कर्नाटकाच्या सीमेवर, कोणाचे विदर्भात, कोणाचे सौराष्ट्रात. तेथील मंदिरात उद्या सकाळी अभिषेकाची पाळी कोणाची आहे, हे एकदा दूरध्वनी करून विचारावे, इतकीच विनंती. मी यंदाच्या पर्युषणासाठी तुतारी एक्स्प्रेसचे आरक्षण करणार आहे. गणपतीच्या दिवसांतली कोकणची तिकिटे आरक्षण उघडताच काही मिनिटांत संपतात, म्हणून दोन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या पंचांगावर लाल शाईने लिहून ठेवली आहे.